शिक्षा किती, हे न्यायालय ठरवतं; तुरुंग नाही

२६ नोव्हेंबरच्या हल्ल्याचा खटला चालू होता तेव्हा कसाबला तुरुंगात बिर्याणी मिळते, ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघर पोचली होती. पुढे २०१५ मध्ये त्या खटल्यातले विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच सांगितलं, की कसाबने बिर्याणी मागितली नव्हती आणि सरकारने ती दिलीही नव्हती. तरी ती बिर्याणी लोकांच्या बोलण्यातून गेली नाही. एखाद्या भयंकर गुन्ह्याची बातमी आली, की "यांना पोसायचं कशाला?", "यांचे कसले हक्क?" हे प्रश्न लगेच येतात. त्यामागचा राग खरा असतो. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना तर तो पुरेपूर शोभतो.

कसाबच्या खटल्याची दुसरी एक गोष्ट मात्र फारशी कुणाला ठाऊक नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी कायम केली, आणि त्याच निकालपत्रात देशभरातल्या दंडाधिकाऱ्यांना एक कर्तव्य घालून दिलं. अटक केलेल्या माणसाला पहिल्यांदा समोर आणलं, की त्याला वकील मिळण्याचा हक्क आहे हे दंडाधिकाऱ्याने स्वतः सांगायचं. ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील द्यायचा. मोबाइल चोरीच्या संशयावरून पकडलेल्या एखाद्या गरीब पोराला आज या नियमाचा आधार आहे. कसाब फासावर गेला आणि नियम मागे राहिला.

राज्यघटना कैद्याच्या बाबतीत नेमकं काय म्हणते, हे समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी. माणूस चांगला आहे म्हणून हे हक्क मिळत नाहीत. सरकारच्या हाती पूर्णपणे सापडलेल्या माणसाशी सरकारने काय करायचं आणि काय नाही, त्याची ती मर्यादा आहे.

घटनेत हे कुठे लिहिलंय?

सरळ शब्दांत कुठेच नाही. अमेरिकेच्या घटनेत १७९१ पासून आठवी दुरुस्ती आहे. क्रूर आणि विचित्र शिक्षा देता येणार नाही, असं ती स्पष्ट सांगते. ते शब्द त्यांनी इंग्लंडच्या १६८९ च्या हक्कांच्या जाहीरनाम्यातून घेतले होते. आपल्या घटनेत असं कलम नाही.

आपल्याकडे आहेत तीन कलमं. विसाव्यात म्हटलंय, की गुन्हा घडला तेव्हाच्या कायद्यात होती त्याहून जास्त शिक्षा देता येणार नाही, एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा करता येणार नाही, आणि आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. बाविसाव्यात अटकेची कारणं सांगणं, वकिलाचा सल्ला घेऊ देणं, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करणं हे येतं. आणि मधलं एकविसावं कलम म्हणजे एकच वाक्य आहे: कायद्याने ठरवलेल्या कार्यपद्धतीशिवाय कोणाही व्यक्तीचं जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. नागरिक नव्हे, व्यक्ती. म्हणून ते परदेशी माणसालाही लागू होतं.

हे वाक्य सुरुवातीला फार अरुंद वाचलं गेलं. १९५० च्या गोपालन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की विधिमंडळाने रीतसर कायदा करून कार्यपद्धती ठरवली असेल तर झालं. ती न्याय्य आहे का, हे आम्ही तपासणार नाही. १९७३ मध्ये जगमोहन सिंग खटल्यात फाशीला आव्हान दिलं गेलं, तेव्हाही न्यायालयाने अमेरिकेची आठवी दुरुस्ती आपल्याकडे नाही याकडे बोट दाखवलं. मग आणीबाणी आली, हजारो लोक विनाचौकशी तुरुंगात गेले. कायदा आहे म्हणजे सगळं ठीक आहे, या समजुतीची किंमत काय असते हे देशाला तेव्हा कळलं. २५ जानेवारी १९७८ ला मनेका गांधींच्या पासपोर्टच्या खटल्यात न्यायालयाने भूमिका बदलली. कार्यपद्धती कागदावर असणं पुरेसं नाही, ती न्याय्य, उचित आणि वाजवी असली पाहिजे, असा निकाल आला. खटला पासपोर्टचा होता, पण त्याचा सर्वांत मोठा परिणाम झाला तो तुरुंगांवर, आणि तोही सातच महिन्यांत.

तिहारमधले दोन कैदी

सुनील बत्राला सत्र न्यायालयाने फाशी सुनावली होती. उच्च न्यायालयाचा निर्णय अजून व्हायचा होता. तरी तिहारच्या प्रशासनाने त्याला फाशीचा कैदी म्हणून एकट्याला कोठडीत डांबलं. आधार होता १८९४ च्या तुरुंग कायद्याचं तिसावं कलम. त्याच तुरुंगात चार्ल्स शोभराज होता, कच्चा कैदी, म्हणजे गुन्हा अजून सिद्ध न झालेला. त्याच्या पायांत महिनोन्‌महिने रात्रंदिवस दंडाबेडी होती. अंदमानच्या सेल्युलर जेलच्या हकिगतींमुळे मराठी वाचकाला दंडाबेडी, कोलू आणि एकांतवास चांगले माहीत आहेत. राजवट बदलून एकतीस वर्षं झाली होती, पण बेडी तीच होती, कारण कायदाही तोच होता. त्या कायद्यातल्या तुरुंगातल्या शिक्षांच्या यादीत फटक्यांचीही तरतूद होती, जास्तीत जास्त तीस.

३० ऑगस्ट १९७८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड पीठावर होते. मुख्य निकालपत्र न्या. देसाई यांचं, आणि न्या. कृष्ण अय्यर यांचं वेगळं, सहमतीचं. न्यायालयाने तिसावं कलम रद्द केलं नाही, पण त्याला मर्यादा घातली. फाशीच्या कैद्याला 'वेगळं' ठेवणं म्हणजे एकांतवासात टाकणं नव्हे. इतरांना पाहता येणं, बोलता येणं, हे त्याच्याकडून काढून घेता येणार नाही. शिवाय अपील आणि दयेचा अर्ज यांसारखे सगळे मार्ग संपून शिक्षा अंतिम होईपर्यंत तो त्या अर्थाने फाशीचा कैदी ठरतच नाही.

यातला तर्क नीट पाहण्यासारखा आहे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एकांतवास ही भारतीय दंड संहितेत स्वतंत्र शिक्षा होती, कलम ७३ आणि ७४ मध्ये. आता भारतीय न्याय संहितेत ती कलम ११ आणि १२ मध्ये आहे. ती फक्त न्यायालय देऊ शकतं, फक्त सक्तमजुरीच्या शिक्षेबरोबर, आणि एकूण तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही. तीही सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त भोगायला लावता येत नाही. १८६० साली इंग्रजांनी केलेल्या कायद्यानेसुद्धा न्यायाधीशाला इतकं बांधून ठेवलं होतं. मग कारागृह अधीक्षक स्वतःच्या सहीने एखाद्याला वर्षानुवर्षं एकटं कसं ठेवू शकतो? ती न्यायालयाने न दिलेली शिक्षा झाली. अशी शिक्षा देण्याचा अधिकार तुरुंगाला नाही.

बेड्यांबाबतही तेच. त्या सरसकट घालता येणार नाहीत. कैदी खरोखर पळून जाण्याचा धोका असेल तर कारण लिहून ठेवा, त्याला समजेल अशा भाषेत कळवा, कोठडीला कुलूप असताना रात्री बेडी कशासाठी याचं उत्तर द्या. कृष्ण अय्यरांनी त्या निकालपत्रात स्पष्ट लिहिलं, की आपल्या घटनेत आठवी दुरुस्ती नाही हे खरं, पण मनेका गांधी निकालानंतर परिणाम तोच आहे.

तीन वर्षांनी फ्रान्सिस कोरली मलिन या स्थानबद्ध ब्रिटिश महिलेच्या खटल्यात हे आणखी ठळकपणे आलं. तिला आपल्या लहान मुलीला महिन्यातून एकदाच भेटता येत होतं. वकिलाची भेटही अधिकाऱ्यांच्या परवानगीत आणि देखरेखीत अडकली होती. न्या. भगवती यांनी म्हटलं, की जगण्याच्या हक्कात सन्मानाने जगणं येतं, आणि छळ किंवा क्रूर, अमानुष, मानहानीकारक वागणूक एकविसाव्या कलमात बसूच शकत नाही. घटनाकारांनी न लिहिलेलं कलम न्यायालयाने असं वाचून काढलं.

ही ताकद आहे आणि दुबळेपणाही आहे, असं मला वाटतं. लिहिलेलं कलम कोणीही उघडून दाखवू शकतो. निकालांमधून उभा राहिलेला हक्क आधी कुणाला तरी माहीत असावा लागतो, आणि मग तो कुणीतरी तुरुंगाच्या भिंतीपलीकडे न्यावा लागतो.

भिंतीपलीकडे गेलेली पत्रं

या विषयातले मोठे निकाल एकामागून एक वाचले की दिसतं, जवळजवळ प्रत्येकाच्या मुळाशी बाहेर पोचलेला किंवा अडवलेला एखादा कागद आहे.

सुनील बत्रानेच पुन्हा सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. या वेळी स्वतःसाठी नाही. पैसे उकळण्यासाठी एका वॉर्डरने दुसऱ्या कैद्यावर काठीने अत्यंत घृणास्पद अत्याचार केला होता, त्याबद्दल. वकील नाही, कोर्ट फी नाही, फक्त पत्र. न्यायालयाने त्यालाच याचिका मानलं, वकिलांना तुरुंगात जाऊन प्रत्यक्ष पाहायला सांगितलं, आणि डिसेंबर १९७९ मध्ये निकाल दिला. तक्रारपेट्या ठेवा, जिल्हा न्यायाधीशांनी तुरुंगांना भेटी द्याव्यात, कैद्यांचे हक्क त्यांच्या भाषेत त्यांना कळवा, असे आदेश निघाले. पुढच्याच वर्षी प्रेमशंकर शुक्ला या कच्च्या कैद्याने तिहारमधून तार पाठवली, की न्यायालयात नेताना आपल्याला हातकड्या घालतात. त्यातून हातकड्या सरसकट घालता येणार नाहीत हा नियम आला. पोलिसांची सोय हे कारण पुरेसं नाही, असं न्यायालयाने बजावलं. आता २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने कलम ४३ मध्ये सराईत गुन्हेगार, खून, बलात्कार, दहशतवाद अशा काही प्रकारांत हातकडीची मुभा दिली आहे. मुभा म्हणजे सक्ती नव्हे. १९८० च्या निकालाची अट तिच्यावर आजही आहे, असं वाचलं तरच ते कलम घटनेत बसतं.

महाराष्ट्राचा या इतिहासात मोठा वाटा आहे. साठच्या दशकात कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी अणूच्या अंतरंगाविषयी मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिलं. हस्तलिखित छपाईसाठी पत्नीकडे पाठवायची परवानगी त्यांनी मागितली, ती राज्य सरकारने नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि सरकार हरलं. अणूवरच्या शास्त्रीय पुस्तकाने देशाच्या संरक्षणाला धोका पोचत नाही, आणि स्थानबद्धतेच्या आदेशात नसलेलं बंधन सरकार वरून लादू शकत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. मनेका गांधी निकालाच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. एका मराठी हस्तलिखिताने हा रस्ता आधी चालून दाखवला होता. आपल्याकडे याची आठवण फारशी काढली जात नाही, याचं वाईट वाटतं.

१९७८ चा होसकोट खटला उलट बाजूचा. मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षा दिलेला हा माणूस चार वर्षांहून अधिक काळानंतर सर्वोच्च न्यायालयात आला, कारण निकालाची प्रतच हाती पडली नाही असं त्याचं म्हणणं होतं. प्रत येरवड्याच्या अधीक्षकांकडे पाठवली होती, पण ती कैद्याला मिळाल्याची पोच नव्हती. त्याचं अपील फेटाळलं गेलं. पण न्यायालयाने नियम घालून दिला: निकालाची प्रत कैद्याला मोफत आणि लगेच मिळाली पाहिजे, तुरुंग प्रशासनाने त्याची लेखी पोच घेतली पाहिजे, आणि अपिलासाठी वकील परवडत नसेल तर तो राज्याने द्यायचा. १९७४ मध्ये आंध्रातल्या भुवन मोहन पटनायक खटल्यातही असंच झालं होतं. तुरुंगाच्या भिंतीवरच्या विजेच्या तारांविरुद्ध कैद्यांनी केलेली याचिका फेटाळली गेली, पण दोषी ठरला म्हणून माणूस सगळे मूलभूत हक्क गमावत नाही, हे वाक्य त्याच निकालात चंद्रचूडांनी लिहिलं. ते आजतागायत उद्धृत होतं.

आणि १९८३ चा शीला बारसे खटला. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगात पंधरा महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण, छळ झाल्याचं सांगितलं. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने चौकशी पोलिसांकडे दिली नाही. मुंबईच्या निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकेला जाऊन अहवाल द्यायला सांगितलं. त्यातून आलेल्या सूचना आपण आज गृहीत धरतो: महिलांसाठी वेगळी कोठडी, तिथे महिला पोलीस, महिलेची चौकशी महिला पोलिसाच्या उपस्थितीतच, अटक झाली की जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवणं, आणि पहिल्यांदा समोर आणलेल्या माणसाला दंडाधिकाऱ्याने विचारणं, की तुला कोठडीत मारहाण झाली का. हा शेवटचा प्रश्न एका ओळीचा आहे. तो मनापासून विचारला आणि पोलिसांना बाजूला करून विचारला, तर अनेक छळ तिथेच थांबतील.

फाशी आणि वाट पाहणं

फाशी घटनाबाह्य नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात बहुमताने ठरवलं. पण ती दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच द्यायची, ही अट घातली. १९८३ मध्ये मिठू खटल्यात, जन्मठेपेच्या कैद्याने खून केला तर फाशीच द्यायची असं सांगणारं दंड संहितेचं कलम ३०३ रद्द झालं, कारण न्यायाधीशाला माणसाकडे, परिस्थितीकडे पाहूच न देणारा कायदा न्याय्य असू शकत नाही. त्याच वर्षी दोराने फाशी देण्याची पद्धत मात्र घटनेत बसते असा निकाल आला. ऐंशीच्या दशकातच राजस्थान उच्च न्यायालयाने एका महिलेला जयपूरच्या मैदानात, आधी गाजावाजा करून, जाहीर फाशी द्यायचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रोखला. गुन्हा रानटी आहे म्हणून शिक्षाही रानटी असावी असं नाही, असं न्यायालयाने म्हटलं. चौकात लटकवा म्हणणाऱ्यांना हे उत्तर तेव्हाच मिळालेलं आहे. डॉ. आंबेडकरांनी तर ३ जून १९४९ ला संविधान सभेतच म्हटलं होतं, की फाशी पूर्णपणे रद्द करणं हेच या देशाने करायला हवं.

लोकांना सगळ्यात जास्त खटकतो तो उशिराचा मुद्दा. २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने पंधरा जणांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. बहुतेकांच्या बाबतीत कारण होतं दयेच्या अर्जावर झालेला अकारण उशीर. आज येईल, उद्या येईल म्हणत मृत्यूच्या हुकमाची वर्षानुवर्षं वाट पाहायला लावणं हाच एक छळ आहे, आणि तो कोणत्याही न्यायालयाने शिक्षेत लिहिलेला नव्हता. त्याच निकालाने अर्ज फेटाळल्याचं कळवल्यानंतर फाशीपूर्वी किमान चौदा दिवस द्यायचे, असंही ठरवलं.

महाराष्ट्राने याची दोन ठळक उदाहरणं पाहिली. पुण्यात २००७ मध्ये बीपीओत काम करणाऱ्या तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला. राष्ट्रपतींनी दोघा दोषींचा दयेचा अर्ज २०१७ मध्ये फेटाळला, पण फाशीचं वॉरंट निघायला २०१९ उजाडलं. मुंबई उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून पस्तीस वर्षांची कैद दिली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली होती. दयेचा अर्ज २०१४ पर्यंत लोंबकळला, आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली.

हे निकाल आले तेव्हा लोक न्यायाधीशांवर चिडले. मला वाटतं, राग चुकीच्या पत्त्यावर गेला. त्या फायली मुख्यतः सरकारी टेबलांवर पडून होत्या. मुलं गमावलेल्या आईबापांनाही तितकीच वर्षं कुणी काही सांगितलं नाही. घटनेची मर्यादा पाळली असती, म्हणजे अर्ज वेळेत निकाली काढला असता, तर दोन्हीकडची वाट लवकर संपली असती.

हिंडलगा, अंडा सेल

बत्रा निकालाने एकांतवास संपला, असं कायद्याच्या पुस्तकात वाटतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये सरन्यायाधीश उदय लळित यांच्या पीठापुढे कर्नाटकातल्या एका फाशीच्या कैद्याचं प्रकरण आलं. गुन्हा अतिशय भीषण होता, त्याबद्दल कुणालाच शंका नव्हती. पण बेळगावच्या हिंडलगा तुरुंगात त्याला सुमारे दहा वर्षं एकट्याला ठेवलं होतं, आणि त्यातली बरीचशी वर्षं तर दयेचा अर्ज निकाली निघायच्या आधीची. या एकांताचे त्याच्या मनावर झालेले परिणाम न्यायालयाने नोंदवले, फाशी रद्द केली, आणि किमान तीस वर्षं कैदेची जन्मठेप दिली. बत्रा निकाल लागल्याला तेव्हा चव्वेचाळीस वर्षं झाली होती. कायदा न्यायाधीशाला तीन महिन्यांपलीकडे जाऊ देत नाही, तिथे तुरुंग दहा वर्षं गेला.

नाव बदललं की गोष्ट बदलते, असं प्रशासनाला वाटतं. एकांतवास म्हणायचं नाही, सुरक्षा विभाग म्हणायचं, उच्च सुरक्षा कोठडी म्हणायचं. महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक असलेला शब्द म्हणजे अंडा सेल. माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून शिक्षा झालेले प्राध्यापक जी. एन. साईबाबा पोलिओमुळे व्हीलचेअरवर होते. ते नागपूरच्या तुरुंगात अंडा सेलमध्ये वर्षानुवर्षं राहिले. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते गेले. त्यांच्या विचारांशी कुणाचं पटो न पटो, स्वतः उठून बसता न येणाऱ्या माणसाला ती कोठडी म्हणजे न्यायालयाने दिलेल्या कैदेपेक्षा कितीतरी जास्त शिक्षा होती.

३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालाने अशीच एक न लिहिलेली शिक्षा उघड केली. मुंबईच्या या पत्रकार महिलेने दाखवून दिलं, की अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावलीत कामं जातीवर वाटली होती. स्वयंपाक अमुक जातीने करायचा, संडास तमुक जातीने साफ करायचे. आणि विमुक्त जमातींकडे सराईत गुन्हेगार म्हणून पाहायचं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचं ओझं, सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट, आजही पारध्यांच्या वस्तीवर पडणारे छापे, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले आणि तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकानाच काढून टाकायला सांगितलं. घटना लागू झाल्यावर चौऱ्याहत्तर वर्षांनी.

ज्यांना शिक्षाच झालेली नाही

या सगळ्या चर्चेत 'कैदी' म्हटलं की डोळ्यांसमोर खुनी, बलात्कारी येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीला देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे दर चारांत तीन, कच्चे कैदी. त्यांच्यावरचा गुन्हा सिद्ध झालेलाच नाही. जागा होती ४,३६,२६६ जणांची. शंभराच्या जागेत एकशे एकतीस, आणि ही देशाची सरासरी. मोठ्या शहरांतले तुरुंग याहून कितीतरी दाटलेले असतात. झोपायला पाळी लावणं, संडासासाठी रांग, खरूज, वेळेवर न मिळणारा डॉक्टर, हे कुठल्याही शिक्षेत लिहिलेलं नसतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांतली गर्दी आणि त्यामुळे उपचारांविना होणारे हाल ही क्रूर शिक्षाच ठरवली, आणि कैद्यांची संख्या कमी करायचा आदेश कायम केला. आपल्या न्यायालयाने २०१३ पासून तुरुंगांतल्या अमानुष परिस्थितीचं प्रकरण हाती घेऊन सूचना दिल्या, समित्या नेमल्या. संख्या कमी करायचा सक्तीचा आदेश मात्र दिला नाही.

छळाविरुद्ध स्वतंत्र कायदाही आपण केलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता दिली नाही. २०१० मध्ये लोकसभेने एक विधेयक मंजूर केलं, ते राज्यसभेत अडकून बाद झालं.

कुणाच्या घरचं माणूस आत असेल, तर एक तरतूद नक्की माहीत असावी: नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकणारा गुन्हा नसेल, आणि इतर खटले प्रलंबित नसतील, तर कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामीन मागता येतो. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याला एक तृतीयांश काळ पुरतो. हे जुन्या खटल्यांनाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. तो काळ पूर्ण झाला की न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर टाकलेली आहे. त्याने केला नसेल तर मुलाखतीला जाल तेव्हा तारखा मोजून घ्या आणि जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जाऊन सांगा. वकील मोफत मिळतो. कोठडीतल्या कुणाही माणसाला तो मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. प्रत्यक्ष जाणं जमत नसेल तर १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो.